कानांची रात्रपाळी

मैत्रिणींनो, एक विचारू? तुम्हाला शेवटचं कुणी झोपवलं होतं, आठवतंय का? नाहीच आठवणार. पाळण्यात असताना आईने, आजीने नाहीतर थोरल्या बहिणीने दोरी ओढत काहीतरी गुणगुणलं असेल, तेवढंच. पुढे ती दोरी आपल्या हातात आली आणि राहिली. आपण मुलांना झोपवलं, जावेच्या मुलांना झोपवलं, आजारी सासऱ्यांच्या तळपायाला तेल चोळून त्यांनाही झोपवलं. आणि आपण? आपण 'पडतो'. शब्दच तो आहे बघा आपल्या तोंडचा. "जरा पडते हं पाच मिनिटं." 'झोपते' म्हणायला जीभ रेटत नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण म्हणजे एक उशी. गाणारी उशी! पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने गेल्या दिवाळीत ती मला पाठवली. "आई, साडी नको म्हणतेस ना, मग हे घे," म्हणाली. पार्सल आलं मात्र दिवाळी उलटल्यावर, कारण ते आधी नवी मुंबईच्या बेलापूरला जाऊन आलं. आमच्या गावाचं हे दुखणं जुनंच आहे. आमचं बेलापूर म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. श्रीरामपूरच्या स्टेशनला रेल्वेने नाव दिलं ते बेलापूरचं, त्यामुळे नवखे पाहुणे श्रीरामपूरला उतरून बेलापूर शोधतात, आणि आमची पत्रं नि पार्सलं खाडीकाठची हवा खाऊन येतात.

तर उशी. दिसायला अगदी साधी. आत फायबर भरलेलं आणि त्या फायबरच्या पोटात मोठ्या बिस्किटाएवढे दोन चपटे स्पीकर, एक डावीकडे, एक उजवीकडे. कोपऱ्यातून एक वायर बाहेर येते, तिची पिन मोबाईलला नाहीतर रेडिओला लावायची. बिनवायरच्या, ब्लूटूथवर चालणाऱ्याही मिळतात. नुसता चपटा स्पीकरही मिळतो, तो आपल्याच उशीच्या अभ्र्यात सरकवायचा. गंमत अशी, की डोकं टेकवलं की गाणं कानात आणि डोकं उचललं की जवळजवळ गप्प. बारीक, टोकदार सूर भरणीतच जिरतात आणि जाड, घुमणारा आवाज तेवढा कानापर्यंत पोचतो. शेजारच्या खोलीत कुणी रेडिओ लावलाय आणि मधलं दार लोटलेलं आहे, असं काहीसं वाटतं. शेजारी झोपलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही. कानात बोंडं घालून कुशीवर झोपलं की कान दुखतो, वायर गळ्याभोवती येते, तसंही काही होत नाही.

कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांत पेशंटच्या उशाशी ठेवायचे छोटे स्पीकर कित्येक दशकांपासून आहेत, शेजारच्या खाटेवरच्याला त्रास होऊ नये म्हणून. आपल्याकडे स्पीकर नव्हते पण ट्रान्झिस्टर होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, आणि पुढे रात्री उशाशी ट्रान्झिस्टर ठेवून 'छायागीत' आणि त्यानंतर 'बेला के फूल' ऐकत झोपणारी एक अख्खी पिढी तयार झाली. (लग्न होऊन इथे आले तेव्हा यांनी मला सांगितलं होतं, की तो कार्यक्रम बेलापूरवरूनच आहे. मी नेवाशाची, दोन दिवस खरं मानलं!) पण जरा आठवून पाहा, तो ट्रान्झिस्टर कुणाच्या उशाशी असायचा? आमच्या माहेरी वडिलांच्या. आईचा रेडिओ दुपारचा, 'वनिता मंडळ' लागायचं तेव्हाचा, तोही तांदूळ निवडता निवडता. रात्री कुठलं गाणं लावायचं आणि कधी बंद करायचं, हे तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्या झोपेविषयी सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्री बाथरूमला जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरुणात गेले. आज त्या ८२ व्या वर्षी वॉकर घेऊन घरभर फिरतात, अंगणात जाऊन तुळशीला पाणीही घालतात. म्हणजे त्या बऱ्या झाल्या. माझी झोप मात्र त्या रात्रीपासून गेली ती आलीच नाही. अंथरुणाला पाठ टेकली, की कान मधल्या खोलीकडे. वॉकरची टकटक झाली का? खोकल्या का? कुठे भांडं पडलं का? वॉकर भिंतीला टेकवून ठेवलेला असताना मला त्याची टकटक ऐकू यायची, इथपर्यंत मजल गेली होती.

त्यात आमचा भाग उसाचा. गळीत हंगाम लागला, की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रेलर जोडलेले, आणि त्यांच्यावर जोरात लावलेली गाणी. शेतीपंपाच्या लाईटची पाळी रात्रीची असली की हे बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणार. उसात बिबट्या आहे हे काही आता नवल राहिलेलं नाही. मग एक कान मधल्या खोलीकडे आणि दुसरा फाटकाकडे. सकाळी सहाला उठून डबा, साडेदहाला शाळा. मी प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरीच्या वर्गात पाढे म्हणून घेताना उभ्याउभ्या डोळा लागावा, अशी अवस्था.

उशी घरात आली तेव्हाचा संवाद मी मुद्दाम जसाच्या तसा देते.

आत्याबाई म्हणाल्या, "उशीत रेडू? काय बाई एकेक! मंग मी हाक मारल्यावर तुला कशी ऐकू यायची?"

हे म्हणाले, "बरं आहे की. पण मी रात्री फाटक वाजवलं तर उघडशील ना?"

धाकटा फोनवर म्हणाला, "आई, मी लेट नाईट फोन केला तर?"

मी काय ऐकणार आहे, असं एकानेही विचारलं नाही! रागवायचं तरी कुणावर? तिघांचंही खरंच होतं. रात्री या घरात हाक ऐकायची जबाबदारी एकाच माणसाची होती आणि त्या माणसाच्या कानाखाली आता कुणीतरी गाणं ठेवलं होतं.

झोपेतही कान जागाच असतो, हे काही आपल्या मनाचे खेळ नाहीत. डोळ्यांना पापणी आहे, कानांना नाही. इयन ऑस्वल्ड नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९६० मध्ये झोपलेल्या माणसांना नावांची एक लांबलचक टेप ऐकवली होती. इतर नावं आली-गेली, पण स्वतःचं नाव आलं की झोपेतही मेंदू दखल घ्यायचा. म्हणजे झोपलेला मेंदू आवाज चाळत असतो, आणि आपल्या कामाचा कुठला ते ठरवत असतो. बाळ कुशीत असतं तेव्हा ट्रॅक्टरने न उठणारी बाई त्याच्या बारीकशा कुरकुरीने उठते ती यामुळेच. फरक इतकाच, की बाळ मोठं होतं, चाळणी मात्र आपण खाली ठेवत नाही. बाळानंतर दहावीचा मुलगा, मग सासरे, मग सासूबाई, मग शेतावर गेलेला नवरा.

निद्रानाशाचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना साधारण ४० टक्के जास्त, असं अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००६ मध्ये मांडलं गेलं. त्यामागे शरीराची कारणं आहेतच. पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याच्या वेळची ती रात्री-अपरात्रीची घामेजलेली जाग, ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. मला प्रश्न पडला, की रात्री अडीचला वॉकरच्या आवाजाकडे कान लावून पडलेली बाई या हिशेबात कुठे बसते? बहुतेक 'झोप' याच रकान्यात!

असो. उशीकडे वळू.

पहिला आठवडा उशीने काही केलं नाही. मी लताबाईंची जुनी गाणी लावली. प्रत्येक गाण्याला एक आठवण, आठवणीला दुसरी आठवण, आणि अकरा वाजता मी ३० वर्षांपूर्वीच्या एका लग्नात जेवायला बसलेली! शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात अशी दणकन यायची की छातीत धस्स व्हावं. मग लेकीने गाणी मोबाईलमध्ये उतरवून दिली आणि आवाज आपोआप बंद होण्याचा टायमर कसा लावायचा ते शिकवलं. तरी खरी अडचण वेगळीच होती. गाणं लागलं, की मी आवाज कमी करायची. आणखी कमी. म्हणजे पलीकडचं ऐकू यावं इतका कमी. गाणं उशीत चाललेलं आणि कान गाण्याच्या पलीकडे, मधल्या खोलीत.

एका रात्री यांनी ते पाहिलं. "ऐकायचंच नाही तर लावतेस कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "मला ऐकायचंय. पण मग आत्याबाईंची हाक तुम्ही ऐकाल का?" हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझी झोप गाढ आहे गं, तुला माहितीये." आता माझी झोपही लग्नाआधी गाढच होती. आई मला पाणी मारून उठवायची. गाढ झोप काही कुणी पोटातून घेऊन येत नाही, ती ज्याला परवडते त्याला लागते. हे मी बोलले, आणि जरा जोरातच बोलले. मधल्या खोलीतून आवाज आला, "भांडू नगा, मला ऐकू येतंय!"

त्या भांडणातून जे निघालं ते उशीपेक्षा कामाचं निघालं. श्रीरामपूरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून यांनी बिनवायरची दाराची बेल आणली. बटण आत्याबाईंच्या खाटेच्या कठड्याला दोरीने बांधलं, वाजायचा डबा आमच्याकडे. आणि पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने आतल्या खोलीत, डबा उशाशी घेऊन झोपायचं. दुसऱ्याने पुढच्या खोलीत, दार लोटून. पाणी धरायची रात्र असली की पाळी माझी, एरवी एक दिवसाआड. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. ही दांडी दोन वर्षांपूर्वीच बसायला हवी होती, असं हाडांचे डॉक्टर तपासणीला गेलो तेव्हा म्हणाले. घरात ७० च्या पुढचं कुणी असेल तर मैत्रिणींनो, उशीच्या आधी दांडी बसवा.

बेल पहिल्यांदा यांच्या पाळीत वाजली ती पहाटे तीनला. मी पुढच्या खोलीत उशीत बासरी ऐकत झोपले होते. मला बेल ऐकू आली नाही, हे मला सकाळी कळलं. कुणी काही म्हणालं नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगा आला व्हता. धोतर सोडून बाकी समदं जमतंय त्याला."

त्या रात्रीनंतर उशी काम करायला लागली. म्हणजे जादू नव्हे हं. आठवड्यातून एखादी रात्र अजूनही जाते. पण पडल्यावर तास-दीड तास चालणारी तळमळ आता वीस-पंचवीस मिनिटांवर आली आहे.

संगीताने झोप येते का, यावर बराच अभ्यास झालेला आहे. तैवानमध्ये ६० ते ८३ वयाच्या, झोपेची तक्रार असलेल्या ६० जणांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना रोज झोपताना ४५ मिनिटं संथ, शांत संगीत ऐकवलं गेलं, तेही त्यांच्याच आवडीने निवडलेलं. त्यांची झोप सुधारली आणि तीन आठवड्यांत ती आठवड्यागणिक सुधारत गेली. म्हणून पहिल्या रात्री निकाल मागू नका. हंगेरीत २००८ मध्ये ९४ तरुण विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. एकाला शास्त्रीय संगीत, दुसऱ्याला ध्वनिफितीवरचं पुस्तक, तिसऱ्याला काहीच नाही. झोप सुधारली ती संगीतवाल्यांची. पुस्तकवाल्यांना फारसा फरक पडला नाही, आणि ते पटतं. गोष्ट लागली की 'पुढे काय' सुटत नाही. २०२२ मध्ये असे १३ अभ्यास, मिळून १००७ माणसं, एकत्र तपासली गेली तेव्हाही निष्कर्ष हाच आला, की निद्रानाश असलेल्यांना संगीत ऐकल्याने आपली झोप सुधारल्याचं बहुधा जाणवतं.

काय ऐकावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. ठोका सावकाश असावा, मिनिटाला ६० ते ८० च्या घरातला, म्हणजे आपलं काळीज निवांत असताना चालतं तितका. मला शब्द नसलेलं बरं पडतं. बासरी, संतूर, कधी नुसता तानपुरा. आपल्या संगीतात रात्रीचे राग वेगळे काढून ठेवलेले आहेत, बागेश्री, मालकंस, दरबारी. पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी १९३३ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला पुरिया ऐकवून झोपवलं, अशी एक गोष्ट गाणाऱ्यांत सांगितली जाते. मुसोलिनी झोपला असेल तर मला झोपायला काय हरकत आहे?

आता थोडी व्यवहाराची बाजू. आवाज कुजबुजीइतकाच ठेवायचा. कान अगदी स्पीकरवरच असतो, तेव्हा जोरात लावण्याची गरजही नसते. टायमर हवाच, रात्रभर वाजत ठेवू नये. झोप लागल्यावर कानाला त्याचा उपयोग नाही, उलट गाणं बदललं की जाग येते. मोबाईल उशीखाली ठेवू नका आणि चार्जिंगला लावून तर मुळीच नाही, तो तापतो. वायर पुरेल इतक्या लांब, स्टुलावर पालथा ठेवा, म्हणजे उजेडही येत नाही आणि 'फक्त एक मेसेज' बघायचा मोहही होत नाही. धुताना अभ्राच धुवा. आणि हो, फायबरची उशी उन्हाळ्यात तापते. आमच्या नगरकडच्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, उन्हाळ्यात तर फारच. मी वर सुती पंचाची दुहेरी घडी टाकते. सावरीच्या कापसाच्या जुन्या उशीचा थंडावा या उशीला नाही. ज्यांच्याकडे अजून तसली उशी आहे त्यांनी नुसता चपटा स्पीकर घेऊन तिच्या अभ्र्यात सरकवावा.

आमच्या गल्लीतल्या एकीने विचारलं, "या उशीत एमपीएससीच्या नोट्स लावल्या तर? पोरगा झोपल्या झोपल्या शिकेल." हसू नका, हा धंदा शंभर वर्षांपूर्वी जोरात चालला होता! अमेरिकेत १९२७ मध्ये सॅलिंजर नावाच्या... नाही, सॅलिगर, नाव तेवढं नीट सांगते, तर या गृहस्थाने 'सायको-फोन' नावाचं यंत्र काढलं. रात्री ठरल्या वेळी फोनोग्राफ आपोआप सुरू होणार आणि झोपलेल्या माणसाच्या कानात चांगल्या चांगल्या गोष्टी सांगणार. १९५० च्या दशकात सायमन आणि एमन्स या दोघांनी मेंदूच्या लहरी तपासून पाहिलं, तेव्हा माणूस खरोखर झोपलेला असेल तर तो ऐकवलेलं काही शिकत नाही असं दिसलं. जो शिकत होता, तो जागा होता. तेव्हा त्या पोराला बिचाऱ्याला झोपू द्या.

मात्र प्रत्येक जागरणावर उशी हा इलाज नाही, हे सांगितलंच पाहिजे. आमच्या भिशीतली एक जण माझी उशी दोन रात्री घेऊन गेली आणि तशीच परत घेऊन आली. "गाणं छान आहे गं, पण माझे पाय झोपू देत नाहीत," म्हणाली. संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं व्हायचं, पाय हलवले की बरं वाटायचं, थांबवले की पुन्हा सुरू. घरचे म्हणायचे, दिवसभर उभी असतेस म्हणून होतंय, तेल लाव. शेवटी श्रीरामपूरला डॉक्टरांनी रक्त तपासलं. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. अशा अस्वस्थ पायांच्या दुखण्यात लोहाची कमतरता हे एक ठळक कारण असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, तेव्हा ही बाई काही एकटी नाही. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, 'फेरिटिन' नावाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी तिचे पाय निवले. उशी तिने परत मागितली नाही.

तसंच जोरात घोरणं, घोरता घोरता श्वास अडकणं, सकाळी डोकं जड होणं. हे नवऱ्याचं असेल तर आपण चेष्टा करतो, स्वतःचं असेल तर लाजेने सांगत नाही. दोन्ही डॉक्टरकडे न्यायची दुखणी आहेत. आणि तीन महिन्यांहून जास्त दिवस, आठवड्यातल्या तीन-तीन रात्री झोप येत नसेल, तर मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी आणण्याऐवजी डॉक्टरांशी बोला. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की जुनाट निद्रानाशावर पहिला इलाज गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती. तिच्यातलं थोडं घरीही करता येतं. उठायची वेळ रोज एकच ठेवायची. अंथरुणात पडून हिशेब, भाजी निवडणं, मोबाईल काही नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. यातलं शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. चहातली तरतरी पाच-सहा तासांनीही निम्मी अंगात असते म्हणे, म्हणजे सातचा चहा बारापर्यंत निम्मा शिल्लक.

शेवटी आत्याबाईंचं सांगायचं राहिलं. महिनाभर त्या उशीकडे संशयाने बघत होत्या. मग एका दुपारी, मी शाळेतून आले तर त्याच तिच्यावर डोकं ठेवून पडलेल्या. "लाव बरं काहीतरी." आधी विनोदी कीर्तन लावलं तर त्या पडल्या पडल्या इतक्या हसल्या, की झोप बाजूलाच राहिली. मग हरिपाठ लावला. पाच-सात अभंग पुरे झाले नसतील, घोरायला लागल्या. रात्री मी त्यांना विचारलं, "तुम्हाला लहानपणी कुणी झोपवायचं हो?" तर म्हणाल्या, "मला कोण झोपवतंय? आईचं जातं पहाटंचं सुरू व्हायचं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी परत झोपायची. घरघर चालायची आन् ती वव्या म्हणायची." गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या लोकांसमोर आणते आहे, काही तर बायकांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. मी एक संध्याकाळ त्या आत्याबाईंना उशीतून ऐकवल्या. त्या झोपल्या नाहीत, उलट उठून बसल्या आणि "ही चाल आमच्याकडं येगळी व्हती" म्हणत स्वतःच म्हणायला लागल्या. ते सगळं मी मोबाईलवर टिपून घेतलं आहे. आवाज कापरा आहे, मध्येच खोकला आहे, मागे कुकरची शिट्टी आहे. शब्द असूनही मला त्याने झोप येते, का ते ठाऊक नाही.

आता उशी चार रात्री माझ्याकडे असते आणि तीन रात्री त्यांच्याकडे. लेक म्हणाली, आणखी एक पाठवते. आत्याबाई नको म्हणाल्या. "दोन कशाला? जवा बेल तुझ्याकडं आसती, तवा तुला ती लागतीच कुठं?"